कावेरीकाठची पाहुणेखोली

पहिला दिवस

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्री निघालेल्या रॉकफोर्ट एक्स्प्रेसने आम्ही पहाटे तिरुचिरापल्लीला उतरलो आणि फलाटावरच कॉफी घेऊन छत्रम बसस्थानक गाठले. बरोबर वसईचे माझे मित्र होते. आम्ही दोघांनी पंचवीस वर्षे एकाच शाळेत शिकवले असल्यामुळे निवृत्तीनंतरही एकमेकांना 'सर' म्हणण्याची सवय सुटलेली नाही. ते जन्माने आणि आचरणाने कॅथलिक आहेत, तर मी वारकरी घरातला. कावेरीकाठच्या शांतिवन या ख्रिस्ती आश्रमात जाण्याची कल्पना माझी होती आणि ते काहीशा नाराजीनेच तयार झाले होते. त्यांच्या कल्पनेतील रिट्रीट हाऊस म्हणजे जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धतीनुसार चालणारे घर, जिथे मार्गदर्शक फादर असतात, आठ किंवा तीस दिवसांचा क्रम आखलेला असतो आणि रोज कशावर चिंतन करायचे ते सांगितले जाते. "तिथे तसे काही नाही म्हणता, मग आपण तिथे जाऊन करायचे काय, सर?" हा त्यांचा प्रश्न पुण्यापासून माझ्या सोबतीला होता.

करूरकडे जाणारी बस कावेरीच्या दक्षिण काठाने धावते. उजव्या हाताला केळीच्या बागा, पाटाचे पाणी आणि मधूनमधून नदीचे रुंद वाळवंट दिसते. सुमारे पस्तीस किलोमीटरवर कुळित्तलै हे तालुक्याचे गाव आहे आणि त्याला लागून तण्णीर्पळ्ळी हे खेडे. आम्ही दोघे पाठीवरच्या पिशव्या सावरत उभे राहिलेले पाहताच कंडक्टरने न विचारता "आश्रमम्?" म्हणून घंटी वाजवली. या रस्त्यावर अशा पिशव्या घेऊन येणारे लोक कुठे उतरतात, हे त्याला पाठ असावे.

सच्चिदानंद आश्रम हे या ठिकाणाचे नाव असून शांतिवन हे त्या झाडीचे. १९५० साली २१ मार्च रोजी, म्हणजे संत बेनेडिक्ट यांच्या सणाच्या दिवशी, जूल मोंशानँ आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी येथे मुक्काम केला. मोंशानँ यांनी परम अरूपी आनंद आणि ल सो यांनी अभिषिक्तानंद हे नाव घेतले. ख्रिस्ती त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना, सत्, चित् आणि आनंद या शब्दांत पाहण्याचा प्रयत्न आश्रमाच्या 'सच्चिदानंद' या नावामागे आहे. मराठी माणसाला 'सच्चिदानंद' म्हटले की ज्ञानदेवांची टीका आदराने लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आधी आठवतात, त्यामुळे कमानीवरचे नाव वाचताना मला परके वाटले नाही. माझ्या मित्रांना मात्र वाटले. प्रवेशद्वाराच्या गोपुरावर त्रैक्याची तीन मुखांची आकृती आहे आणि तिच्याकडे मान वर करून ते बराच वेळ पाहत राहिले. "आमच्या आजीने ही त्रिमूर्ती पाहिली असती तर ती इथूनच माघारी फिरली असती," एवढेच ते म्हणाले.

आम्ही महिनाभर आधी पत्रव्यवहार करून दोन खोल्या मागितल्या होत्या. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, ही शाळेत शिकवलेली फोड खरी धरली, तर आम्ही अतिथी नव्हतोच. कावी वस्त्रातील पाहुणेप्रमुख ब्रदरांनी "वणक्कम" म्हणून स्वागत केले, नोंदवहीत नाव, गाव, येण्याजाण्याची तारीख लिहून घेतली आणि ओळखपत्र पाहिले. परदेशी पाहुण्यांसाठी पोलिसांकडे पाठवायचा सी फॉर्म वेगळा भरावा लागतो; आमच्या आधीच्या दोघांचे ते काम चालू होते. मी खोलीचा दिवसाचा दर विचारला. "दर नाही. जाताना तुम्हाला जमेल ते," असे ते म्हणाले आणि किल्ल्या हातात ठेवल्या. पंचवीस वर्षे पगारातून घर चालवलेल्या माणसाला हे उत्तर सोयीचे नसते, कारण हिशेब आता आपल्या अंगावर येतो.

खोल्या नारळाच्या झाडांमध्ये विखुरलेल्या आहेत. माझ्या खोलीत एक खाट, पातळ गादी, मच्छरदाणी, भिंतीला लागून टेबल-खुर्ची, पंखा आणि खिळ्यांची पट्टी एवढेच सामान होते. कपाट नव्हते आणि आरसाही नव्हता. दोन चादरी आणि उशीचा अभ्रा घडी घालून ठेवलेले होते, म्हणजे अंथरूण घालणे हे पाहुण्याचे काम. खिडकीतून गोठा दिसत होता. गाईंच्या हंबरण्याशिवाय दुपारी कसला आवाज नव्हता आणि प्रवासाचा शीण असल्यामुळे मी चहाची घंटा होईपर्यंत झोपलो. संध्याकाळची प्रार्थना त्या दिवशी मी मंडपात मागे बसून नुसती पाहिली, त्यामुळे तिच्याबद्दल पुढे लिहितो.

रात्रीचे जेवण भोजनगृहात जमिनीवर बसून, हाताने आणि मौनात झाले. आश्रमवासी आणि पाहुणे एकाच पंगतीत होते. भात, सांबार, एक भाजी आणि केळे. जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपले ताट बाहेर नळावर घासून जागेवर लावायचे. माझ्या शेजारी ताट घासणारी एक उंच, पिकल्या केसांची बाई राखेऐवजी साबण कुठे आहे ते खुणेने दाखवून गेली. ती जर्मनीची असून गेली अनेक वर्षे दर हिवाळ्यात येते, हे दुसऱ्या दिवशी कळले. मी विजेरी घरी विसरलो होतो, म्हणून खोलीकडे परतताना माझ्या मित्रांच्या विजेरीच्या उजेडात चालावे लागले आणि त्यांना मला "सर, पाय जपून" असे चारदा म्हणण्याचा आनंद मिळाला.

दुसरा दिवस

पहाटे पाचला घंटा झाली. उठलेच पाहिजे असा नियम पाहुण्यांना नाही, पण अंधारात चाललेली पावले ऐकू आली की झोपून राहणे अवघड होते. साडेपाच ते साडेसहा हा ध्यानाचा तास आहे आणि तो ज्याने त्याने आपल्या जागी काढायचा असतो. काही जण खोलीत बसतात, बरेच जण नदीवर जातात. कावेरीवरील मेट्टूर धरणातून कालव्यांना आणि नदीला पाणी सोडण्याचा परिपाठ १२ जून ते २८ जानेवारी असा आहे. आम्ही फेब्रुवारीत गेल्यामुळे कावेरीचे बरेचसे पात्र उघडे पडले होते आणि वाळूवरून बरेच चालून गेल्यावर पाण्याचा एक प्रवाह लागत होता. तिथे काठीसारखा ताठ बसलेला एक तरुण ब्रदर आणि त्याच्यापासून वीस हातांवर म्हशी धुणारा एक माणूस, दोघेही आपापल्या कामात मग्न होते.

सकाळची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा कॅथलिक विधी, यांच्यासाठी आम्ही मंदिरात गेलो. मंदिर हाच शब्द योग्य आहे, कारण रचना दाक्षिणात्य देवळाची आहे: पुढे मोकळा मंडप आणि मागे अंधारे गर्भगृह, ज्यात मूर्तीऐवजी पवित्र भाकर ठेवलेली असते. सगळे जमिनीवर मांडी घालून बसतात. प्रार्थनेची सुरुवात संस्कृत मंत्राने झाली, मग उपनिषदातील वेचा, स्तोत्रसंहितेतील एक स्तोत्र, बायबलचे वाचन आणि झांजांच्या साथीने तमिळ भजन. दिवसातील तीन प्रार्थनांना तीन वेगवेगळे टिळे लावतात. सकाळी चंदन, दुपारी कुंकू आणि संध्याकाळी भस्म. मिस्सेत अर्पणाच्या वेळी पाणी, फुले, धूप आणि कापूर असे पंचमहाभूतांतील घटक वेदीवर ओवाळले जातात आणि आठ दिशांसाठी आठ फुले वाहिली जातात.

चंदनाची वाटी फिरत आमच्यापर्यंत आली तेव्हा मी सवयीने बोट बुडवून कपाळाला लावले. माझ्या मित्रांनी वाटी हातात घेतली, क्षणभर धरली आणि न लावता पुढे दिली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बरोबर उलटे झाले. ते रांगेत उभे राहिले आणि मी जागेवर बसून राहिलो, कारण तो संस्कार कॅथलिक श्रद्धावंतांसाठी असतो आणि केवळ पाहुणा म्हणून तो घेणे मला योग्य वाटले नाही. त्या सकाळी आम्हा दोघांपैकी कोणालाही कोणी काही विचारले नाही. वाटी नाकारणाऱ्याकडे कोणी वळून पाहिले नाही आणि बसून राहणाऱ्यालाही कोणी उठवले नाही.

नाश्त्याला इडली होती. त्यानंतर पाहुण्यांनी स्वयंपाकघराच्या ओसरीवर बसून दुपारची भाजी चिरायची असा येथील रिवाज आहे आणि सगळ्या मुक्कामात मला सर्वांत आवडलेली वेळ हीच, कारण मौन फक्त येथेच सैल होत असे. आम्ही आठ जण भोपळा, वांगी आणि पावशेर लसूण घेऊन बसलो होतो. जर्मन बाई शिक्षिका होत्या. एक तरुण इटालियन सायकलवरून केरळातून आला होता. मदुरैच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापक निबंध पुरा करण्यासाठी आठवडाभर शांतता शोधत आले होते. त्यांनी मला मोंशानँ आणि ल सो यांच्या पहिल्या सात वर्षांची गोष्ट सांगितली. भारतीय तरुण येतील, संन्यास घेतील आणि मठ वाढेल अशी दोघांची आशा होती, पण कोणी टिकले नाही. १९५७ साली मोंशानँ यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. ल सो यांचे मन तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगरातील गुहांत आणि पुढे उत्तरकाशीत गुंतत गेले. १९६८ साली बीड ग्रिफिथ्स हे इंग्रज बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीनुसार राहणारे संन्यासी, केरळातील कुरिसुमला आश्रमातून दोन सहकाऱ्यांसह येथे आले आणि ल सो यांनी हे ठिकाण त्यांच्या हाती सोपवले.

पाहुणेखोल्यांची खरी गरज त्यानंतर निर्माण झाली. युरोपातून भारताच्या शोधात निघालेली तरुण पिढी सत्तरच्या दशकात येथेही पोहोचू लागली. ज्या मठात संन्यासी मिळत नव्हते, तिथे पाहुणे मावेनासे झाले. बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत, त्रेपन्नाव्या प्रकरणात, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताचेच समजून करावे असे सांगितले आहे. मठाला पाहुण्यांची कधीच वाण नसते आणि ते अवेळी येतात, असेही तिथे नोंदवलेले आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः मध्यरात्री दार उघडले असणार. पाहुणेघरात पुरेशी अंथरुणे घातलेली असावीत, इतका तपशील त्यात आहे. मात्र त्या नियमावलीत पाहुण्यांचे स्वयंपाकघर वेगळे असून, परवानगीशिवाय मठवासीयाने पाहुण्यांशी बोलू नये असाही दंडक आहे. शांतिवनात अंथरूण पाहुणा घालतो आणि पंगत एक असते. तैत्तिरीय उपनिषदातील 'अतिथिदेवो भव' आणि त्रेपन्नावे प्रकरण यांतील साम्य येथे येणारा प्रत्येक जण दाखवतो. मला त्याहून हा फरक मोलाचा वाटला: देव मानलेल्या पाहुण्याच्या हातात येथे विळी दिली जाते.

दुपारच्या प्रार्थनेत कुंकू आले. माझे मित्र पुन्हा नाही म्हणाले.

तिसरा दिवस

पहाटे नदीवर गेलो नाही. अंग दुखत होते आणि पातळ गादीचा त्यात वाटा असला, तरी खरे कारण दोन दिवस जमिनीवर बसणे हे होते. पासष्टीनंतर मांडी घालून तासभर बसणे ही साधनाच आहे. भोजनगृहाच्या कडेला ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी बाके आहेत, ती मी उशिरा पाहिली आणि त्या दिवसापासून निमूटपणे तिथे बसू लागलो.

दुपार ग्रंथालयात गेली. वेदान्त, ख्रिस्ती गूढवाद, तमिळ भक्तिसाहित्य यांच्या कपाटांमध्ये मी मराठी काही सापडते का ते पाहत होतो. तिथेच माझ्या मित्रांशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलणे झाले. येथे गायिले जाणारे 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे संस्कृत स्तोत्र बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली रचले. त्यांचा जन्म १८६१चा आणि आमच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचाही १८६१चाच. दोघे ब्राह्मण, दोघे ख्रिस्ती झालेले आणि दोघांनाही परदेशी मिशनांचे जू जाचणारे. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्तावरचे त्यांचे अभंग वसईच्या माझ्या मित्रांना तोंडपाठ आहेत. १९२२ साली जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम पुढे पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला, त्याच्यासमोरून तर मी वर्षानुवर्षे सायकलवरून गेलो आहे. म्हणजे आम्ही कावेरीपर्यंत आलो त्यातला निम्मा रस्ता आमच्याच गावातून गेलेला होता.

"मग चंदनाला एवढा संकोच का?" मी विचारले. "टिळकांचे अभंग चालतात ना?"

"अभंग माझ्या भाषेत आहेत, सर," ते म्हणाले. "कुंकू माझ्या घरात नाही. आमच्या पूर्वजांनी चारशे वर्षांपूर्वी जे सोडले, ते चार दिवस पाहुणा म्हणून आल्यावर परत लावायचे, हे मला नाटकीपणाचे वाटते."

या बोलण्यात तथ्य आहे. येथील पद्धतीवर दोन्ही बाजूंनी टीका झालेली आहे. अनेक ख्रिस्ती लोकांना ॐ आणि आरती खटकते, तर १९८०च्या दशकात काही हिंदू लेखकांनी याच आश्रमाला उद्देशून, संन्याशाचे वस्त्र आणि ॐ हे धर्मप्रसारासाठी घेतलेले वेषांतर आहे असा जाहीर आक्षेप घेतला. तमिळ देशाला हा वाद नवा नाही. रोबेर्तो दे नोबिली हे जेझुइट १६०६ साली मदुरैला आले, त्यांनी संन्याशाचा वेष आणि आहार स्वीकारला आणि त्यावरून गोव्यापासून रोमपर्यंत भांडण पेटले. शांतिवनात धर्मांतराचा शब्दही मी ऐकला नाही. तरीही वारकरी म्हणून माझ्या मनात एक लहानसा प्रश्न उरलाच, की गर्भगृहासमोर मला इतके घरच्यासारखे वाटते, ते घर नेमके कोणाचे?

संध्याकाळी भस्म आले. मी या वेळी लावले नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

चौथा दिवस

सकाळी रिक्षा करून आम्ही अय्यर्मलैला गेलो. कुळित्तलैच्या दक्षिणेला सपाट मुलखातून एकदम वर आलेला हा खडक आहे आणि माथ्यावर रत्नगिरीश्वराचे शिवालय आहे. पायऱ्या हजाराहून अधिक आहेत. मी अर्ध्यावर थांबलो आणि माझे मित्र, ज्यांना देवळात जायचे नव्हते, ते दृश्य पाहायला म्हणून वरपर्यंत जाऊन आले. वरून कावेरीचा पांढरा पट्टा आणि त्याच्या दोन्ही काठांची हिरवी किनार दिसते असे त्यांनी सांगितले, आणि उतरताना गुडघे धरले ते दोन दिवस सुटले नाहीत.

दुपारी पाहुणेप्रमुखांनी आम्हाला जुन्या कुटी दाखवल्या. बीड ग्रिफिथ्स यांची गवती छपराची कुटी लहान आहे. ते १३ मे १९९३ रोजी येथेच वारले. मंदिराजवळ त्यांची समाधी आहे आणि शेजारी अभिषिक्तानंदांची, म्हणजे ल सो यांची. त्यांचा मृत्यू ७ डिसेंबर १९७३ रोजी इंदूरला झाला होता आणि अवशेष पुढे येथे आणले गेले. आश्रम १९८० साली बेनेडिक्टाइन परंपरेतील कमाल्दोली संघाशी जोडला गेला. अकराव्या शतकात संत रोमुआल्द यांनी इटलीत सुरू केलेल्या या संघात एकांतवासी कुटी आणि सामुदायिक मठ हे दोन्ही एकत्र नांदतात. एकमेकींपासून दूर, झाडांआड लपलेल्या येथील खोल्यांना हा वारसा शोभतो. खोलीत दुसरी खुर्ची का नाही, याचाही मला तेव्हा उलगडा झाला.

आवारापलीकडे गावातील निराधार वृद्धांसाठी आश्रमाने चालवलेले घर आहे. पाहुण्यांनी ठेवलेल्या दानाचा काही भाग तिकडे जातो, असे ब्रदर म्हणाले. गोठ्यातील दूध आधी तिथे आणि मग आमच्या चहात.

पाचवा दिवस

निघण्याच्या सकाळी चादरी आणि अभ्रा धुऊन दोरीवर टाकायचे, खोली झाडायची आणि किल्ली परत करायची असते. झाडू कुठे आहे ते मला चौथ्या दिवशीच माहीत झाले होते. मिस्सेला दोघेही गेलो. चंदनाची वाटी आली. माझ्या मित्रांनी ती माझ्याकडे दिली, मी त्यांच्या पलीकडच्या जर्मन बाईंकडे.

मग पाकिटाचा प्रश्न उभा राहिला. नाश्त्यानंतर आम्ही माझ्या खोलीच्या पायरीवर बसून हिशेब मांडला. तिरुचिरापल्लीच्या साध्या लॉजचा चार रात्रींचा दर, त्यात तीन वेळचे जेवण, दोन वेळचा चहा, सकाळची कॉफी. माझ्या मित्रांचे म्हणणे असे की लॉजचा दर धरणे चुकीचे आहे, कारण लॉजवर कोणी भाजी चिरायला लावत नाही, तेव्हा मजुरी वजा व्हायला हवी. मी म्हटले की मग ग्रंथालयाचे भाडे मिळवावे लागेल. अय्यर्मलैची रिक्षा कोणाच्या खात्यावर, हाही मुद्दा निघाला. अर्ध्या तासाने आकडा तीनदा बदलला होता आणि लॉजचा दर नेमका किती हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाठ करून आपापल्या पाकिटात काय घालायचे ते घातले आणि कार्यालयाच्या पेटीत टाकले. त्यांनी किती ठेवले ते मी विचारले नाही आणि त्यांनीही मला विचारलेले नाही.

कमानीबाहेर बसची वाट पाहत असताना पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक मुलगी रस्ता ओलांडून आली आणि तिने इंग्रजीत विचारले की आगाऊ कळवलेले नाही, तरी जागा मिळेल का. माझ्या मित्रांनी तिला कार्यालयाचे दार दाखवले. "एक खोली आताच रिकामी झाली आहे," ते म्हणाले, "फक्त चादरी अजून ओल्या आहेत."